कुर्ल्याची पद्मिनी, ११०० च्या वर्गात : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

गाडी : प्रीमियर पद्मिनी, नोंदणी १९७४. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, म्हणजे १०८९ सीसी. सोलेक्सचा एकच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. उद्दिष्ट : डिसेंबरातली ऑटोक्रॉस, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्धची शर्यत, ११०० सीसीपर्यंतचा वर्ग.

चार दारांच्या घरगुती गाडीला शर्यतीत कशाला न्यायचं, हा प्रश्न येत्या महिन्यांत सगळेच विचारतील, म्हणून उत्तर आताच लिहून ठेवतो. आपल्याकडे मोटारींच्या शर्यती शोलावरम, बराकपूर, जुहू अशा विमानांच्या धावपट्ट्यांवर व्हायच्या, त्या काळात हौशी माणसाच्या आवाक्यातल्या ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांत फियाट ११०० होती. पद्मिनी म्हणजे तीच ११००, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. तिला शर्यतीचा वारसा आहे. तो मुंबईत फार कुणाला ठाऊक नाही, कारण इथे ती काळी-पिवळी म्हणूनच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे.

दुसरं म्हणजे इंजिन. ‘त्यात मारुतीचं इंजिन टाक, उडेल’ असा सल्ला आजवर अनेकांनी दिला. तशा गाड्या मी पाहिल्यात, चांगल्या पळतात. पण मग घड्याळ मारुतीची वेळ सांगतं, पद्मिनीची नाही. मला हे बघायचंय, की कुर्ल्याने दिलेली गाडी तिच्याच सुट्या भागांनिशी, नीट मापात आणली, तर कुठवर जाते. बाहेरून काही आणायचं नाही. जे आहे ते काट्यावर आणायचं.

कामाचा क्रम ठरवला : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग गिअर, इंजिन सगळ्यात शेवटी. ऑटोक्रॉसच्या मातीत तिसऱ्याच्या वरचा गिअर क्वचित लागतो. वेळ जातो तो थांबण्यात, वळण्यात आणि दुसऱ्या गिअरसाठी दांडा शोधण्यात.

११ मे

गाडी कुर्ला पश्चिमेला काकांच्या गॅरेजात नेऊन ठेवली. काकांनी हयातभर टॅक्स्या दुरुस्त केल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, कारण वीस वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या गाडीचीही संपली. काकांचं काम त्याच्या आधीपासूनच आटत आलं होतं. हात मात्र तसाच आहे. गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाले, “किंगपिन गेलाय. ब्रेक नंतर बघू, आधी हे चाक तुझं ऐकतंय का ते बघ.” किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती.

ठरवलेला क्रम पहिल्याच दिवशी बदलला. त्यांचं बरोबर होतं.

२५ मे

दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश ऑपेरा हाऊसला मिळाले, जुन्या साठ्यातले, तेलकट कागदात गुंडाळलेले. बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) ठोकून रीमर, म्हणजे भोक मापात आणायचं हत्यार, फिरवला. काका रीमर हाताने फिरवतात, एका वेळी पाव फेरा, प्रत्येक फेऱ्यानंतर पिन घालून बघतात. पिन स्वतःच्या वजनाने उतरायला नको आणि अंगठ्याने दाबल्यावर अडायलाही नको. पाऊण तास एका बुशवर गेला. टायरॉडची चारही टोकं बदलली. स्टिअरिंग बॉक्सचा प्ले, म्हणजे सैलपणा, बाहेरच्या स्क्रूने कमी केला, पण मध्यावर घट्ट केला की टोकाला आवळतो, म्हणून थोडा शिल्लक ठेवला.

पुढच्या चाकांचं टो-इन, म्हणजे ती पुढून किती आत वळलेली आहेत ते, दोरी लावून बघितलं. यंत्रावरही करून घेणार, पण शर्यतीच्या मैदानावर यंत्र नसतं. दोरी, चार स्टँड आणि स्टीलची पट्टी एवढ्यावर माप घेता आलं पाहिजे.

८ जून

ब्रेक. मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर खोलले. पुढचे दोन गंजून खड्डे पडलेले, ते नवे. बाकीच्यांना नवे रबर. ड्रमला आतून घासणाऱ्या शूंना नवं लायनिंग.

ड्रम टर्निंगला एका ठिकाणी दिले होते. परत आल्यावर डायल लावली तर एक ड्रम अंडाकार निघाला, पेडल पायाखाली धडधडलं असतं. दुसरीकडून पुन्हा मारून घेतला. पातळ झालाय, पण मर्यादेत आहे. यापुढे त्याला लेथ लागणार नाही, तसा खडूने शेरा आतल्या बाजूला लिहून ठेवला.

शूचा पूर्ण पृष्ठभाग ड्रमला टेकतो का ते बघायला लायनिंगवर खडू फासला, चाक फिरवून ब्रेक दाबला आणि उघडलं. खडू फक्त मध्यावर पुसला गेलेला. टोकं टेकतच नव्हती. पॉलिश पेपरने मध्य घासत, पुन्हा खडू लावत संध्याकाळ झाली. नव्या लायनिंगच्या पद्मिन्या ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून परत येतात त्या बहुतेक याच कारणाने, असं काकांचं म्हणणं. लोक महिनाभर चालवून बसवतात. शर्यतीच्या गाडीला तेवढी उसंत नसते.

२९ जून

गिअर लिंकेज, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी. माझ्या मते पद्मिनी वेगात चालवणाऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. तिथून एक नळी खाली जाते, तिच्या टोकाला लिव्हर, लिव्हरला सळ्या आणि त्या गिअरबॉक्सपर्यंत. प्रत्येक सांध्यात एक बुश. एकेक बुश थोडा थोडा झिजतो, आणि ते सगळं मिळून हाताशी येतं. माझ्या गाडीत न्यूट्रलला दांड्याची मूठ चार बोटं सैल हलायची. शहरात चालून जातं, हाताला सवय होते. पण तिसऱ्यातून दुसऱ्यात घाईने आणताना मूठ पुढे गेली तरी गिअर गेलेला नसतो, आणि ते कळेपर्यंत वळण येऊन ठेपतं.

नवे बुश मिळाले ते मऊ रबराचे. ते घातले की आवाज जातो, प्ले पुरता जात नाही. म्हणून पितळेचे करून घेतले. नागदेवी स्ट्रीटवरून पितळेचा गज आणला, साकीनाक्याच्या लेथवर वळवला. सळीची टोकंही झिजून लंबगोल झाली होती. ती वेल्डने भरून पुन्हा गोल केली, नाहीतर गोल बुशात चपटी सळी फिरवून काय उपयोग? सगळं ग्रीस लावून बसवलं, वरचा आडवा प्ले वॉशरने काढला. आता मूठ जेमतेम बोटभर हलते. दांडा दुसऱ्यात टाकताना ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. काकांनी स्वतः सगळे गिअर फिरवून पाहिले आणि म्हणाले, “शोरूमच्या गाडीचा गिअर असा पडायचा.”

पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला घ्यायचा तर न्यूट्रलला क्लच सोडून, इंजिनाला रेस देऊन, पुन्हा क्लच दाबायचा. रोज सकाळी सायनच्या सिग्नलपाशी सराव करतोय.

२० जुलै

इंजिन उतरवलं. सिलिंडर वरच्या भागात झिजलेले. बोअर गेजने वर आणि खाली माप घेतलं तर फरक नुसत्या होनिंगने, म्हणजे आतून हलकं घासून, जाण्यापलीकडचा. बोअरिंगवाला लगेच म्हणाला, अर्ध्या मिलिमीटरने मोठे, ओव्हरसाइझ पिस्टन आहेत, टाकू.

इथे गणित करणं भाग होतं. बोअर ६८ मिमीला क्षमता १०८९ सीसी. ६८.३ ला १०९९. ६८.५ ला ११०५. अर्धा मिलिमीटर वाढला की गाडी ११०० चा वर्ग ओलांडते आणि वरच्या वर्गात, कितीतरी वर्षांनी तरुण, इंजेक्शनच्या गाड्यांसमोर जाऊन पडते. मिळणार काय, तर सोळा सीसी. नियमपुस्तिकेत प्रत्यक्ष क्षमता धरतात, आणि कुणी हरकत घेतली तर हेड उघडून मोजतात.

म्हणून चारही सिलिंडरना आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, ठोकून पुन्हा ६८ वर आणायचं. खर्च ओव्हरसाइझपेक्षा बराच जास्त. पण गाडी ज्या मापाची जन्मली त्या मापावर परत येते, आणि पुढच्या माणसाला बोअरिंगसाठी सगळं मटेरियल शिल्लक राहतं. पन्नास वर्षांच्या ब्लॉकच्या बाबतीत मला तो विचार महत्त्वाचा वाटतो.

क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, चांगला निघाला. मेन बेअरिंग फक्त तीन, त्यामुळे वरच्या आरपीएमला मधल्या भागावर ताण येतो. शर्यतीत पाच हजारांच्या वर न्यायचं नाही, हे आजच ठरवून डॅशबोर्डवर लाल पट्टी मारली.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस ओततोय, मिठी फुगली आहे. गॅरेजात घोट्याएवढं पाणी. गाडी आधीच ठोकळ्यांवर होती, ब्लॉक आणि हेड माळ्यावर चढवले. सगळं सुखरूप.

२४ ऑगस्ट

हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, माप. त्यात प्रत्येक सिलिंडरचा एक चेंबर, जिथे पेट्रोल जळतं. हे काम घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं.

पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं. पालथं, सपाट ठेवलं, व्हॉल्व्ह बसवून स्पार्क प्लग घट्ट केले. चेंबरच्या कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेला अॅक्रिलिकचा तुकडा दाबला. प्रयोगशाळेतली ब्युरेट आणून त्या भोकातून पातळ तेल सोडलं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. किती तेल मावलं तेवढं त्या चेंबरचं आकारमान. चार चेंबर : ३४.०, ३५.२, ३४.६, ३६.० सीसी.

पॅकिंगची जाडी आणि पिस्टनवरची मोकळी जागा मिळून माझ्या इंजिनात साडेपाच सीसी धरले. एका सिलिंडरचं स्ट्रोकमधलं आकारमान २७२.४. म्हणजे पहिल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ७.९ आणि चौथ्याचं ७.६. कारखान्यातून असंच निघालं असेल किंवा मधे कुणी व्हॉल्व्ह सीट खोल कापल्या असतील. काहीही असो, चार सिलिंडर वेगवेगळा दम लावतात आणि आपण टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सगळ्यांना एकच देतो. जो सिलिंडर आधी खडखडतो त्याच्या हिशोबाने बाकी तिघांनी मागे राहायचं.

लहान चेंबर आतून घासून सगळे ३६ वर आणले. आता हेडला साधारण १ मिमी फेस मारायचा, म्हणजे सपाट बाजू तेवढी तासायची, की प्रत्येक चेंबर ३३ वर येईल आणि कॉम्प्रेशन ८.१ च्या आसपास. मी नऊपर्यंत न्यायचं म्हणत होतो. काका नको म्हणाले : तीन बेअरिंगचा क्रँक, जुनं हेड, फार पातळ केलं तर वाकतं आणि पॅकिंग उडतं. ऐकलं.

लेथवाले गणपतीला कोकणात निघाले. हेड आता विसर्जनानंतर.

१४ सप्टेंबर

हेड आलं, काचेवर ठेवून कागदाची पट्टी सरकवली, कुठेच शिरली नाही. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, रॉकेल ओतून गळती पाहिली. इंजिन बांधलं.

२ ऑक्टोबर, दसरा

काकांचा आग्रह होता की इंजिन आजच सुरू करायचं. पान्यांची पूजा झाली, गाडीला झेंडूचा हार, लिंबं टायरखाली. दुसऱ्या सेल्फला धरलं. ऑइल प्रेशर व्यवस्थित. वीस मिनिटं वेगवेगळ्या आरपीएमला चालवून बंद केलं, गार झाल्यावर हेड पुन्हा क्रमाने आवळलं, टॅपेट पुन्हा लावले.

१२ ऑक्टोबर

पेट्रोल. जुन्या गाड्यावाल्यांनी यावर शांतपणे बसून विचार केला पाहिजे, नुसतं चिडून भागणार नाही.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जळायला शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळल्यावर जुन्याच जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर, मिश्रण साधारण आठ टक्के पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते भरून काढतो. सोलेक्सला सेन्सर नाही, तिथे आपणच जेट बदलायचा. माझा मेन जेट १२० चा, म्हणजे भोक १.२० मिमी. १२५ चा घातला की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. बरोबर हवं तेवढं. घातला, महामार्गावर एक मोठी फेरी मारून प्लग काढले : पांढुरके होते ते आता फिक्या विटकरी रंगावर आलेत. या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, चांगला आहे, त्यामुळे वाढवलेल्या कॉम्प्रेशनला खडखडाट नाही. म्हणजे सगळं नुकसानच आहे असं नाही.

रबर मात्र बदलावंच लागतं. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. जुना पाइप बोटांत दाबला तर चिकटत होता.

टाकी पावसाळाभर अर्धी होती. तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. खाली दोन बोटं वेगळा, गढूळ थर, वर स्वच्छ पेट्रोल, मधली रेघ स्पष्ट. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, मर्यादेबाहेर गेलं की पाण्यासकट खाली बसतं, आणि टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. मुंबईच्या दमट हवेत गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी एकतर पूर्ण भरलेली हवी किंवा पूर्ण कोरडी.

२ नोव्हेंबर

तपासणीची तयारी : चार पॉइंटचा पट्टा, अग्निशामक, बॅटरीला पट्टी, थ्रॉटलला दुसरी परतीची स्प्रिंग, पुढे-मागे ओढायचे हूक. मागची सीट आणि स्टेपनी काढली. पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि शॉकअप मूळचेच. फक्त पाट्यांच्या मधलं गंजलेलं ग्रीस साफ करून नवं भरलं, त्यानेच मागची बाजू निम्म्याने मऊ झाली.

१६ नोव्हेंबर

भिवंडीजवळ ओळखीच्यांच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत सराव, परवानगी घेऊन. ड्रम ओढत नाहीत, सरळ थांबते. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरच्या जोरावर मागची बाजू मातीत सरकवून नाक वळवता येतं. भाची घड्याळ धरायला आली होती. तिने ओळखलं की मी वळणात आधी फार हळू जातो आणि मग उशीर भरून काढायला जातो. तिच्या वेळा त्याचा पुरावा होत्या.

१४ डिसेंबर

शर्यत. गाडी ट्रेलरवरून नेली.

आमच्या वर्गात झेन, अल्टो, मारुती ८००. मागच्या चाकांवर चालणारी माझी एकटीच. मुरमाचा ट्रॅक, सुमारे दीड किलोमीटर, रात्री पाणी मारलेला. तपासणीत बॉनेट उघडल्यावर तरुण मुलं गोळा झाली. एकाने विचारलं, “काका, गिअर कुठाय?” दांडा दाखवला. तो बराच वेळ टाकून बघत बसला.

पहिली फेरी : सुरुवात चांगली, पहिल्या उजव्या वळणाला नाक जरा बाहेर गेलं, ॲक्सिलरेटर दिल्यावर आत आलं. मग लांब डावं वळण, आणि त्याच्या मध्यावर इंजिन गुदमरलं. बाहेर पडल्यावर एक-दोन उचक्या घेऊन पुन्हा नीट. पुढच्या डाव्या वळणाला तेच. वेळ १:५९.

परत आल्यावर मी म्हटलं पेट्रोल कमी पडतंय. काका कुंपणापाशी उभे होते. त्यांनी सायलेन्सर बघितला होता. “काळा धूर सोडला तिने. पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय.” बरोबरच होतं. लांब वळणात फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातलं, पेट्रोल एका बाजूला चढून थेट घशात ओघळत होतं. कमी पडलं असतं तर धूर कसा येईल? त्या कप्प्यात तरंगणारा फ्लोट नीडल व्हॉल्व्ह दाबून पेट्रोल अडवतो. सोलेक्सचं झाकण काढून त्या व्हॉल्व्हखाली एक जाड फायबर वॉशर वाढवला. व्हॉल्व्ह त्याने खाली येतो, फ्लोट लवकर बंद करतो, पातळी कमी राहते. इंजिन गरम, हात भाजत होते, पण काकांनी दहा मिनिटांत झाकण परत बसवलं.

दुसऱ्या फेरीपर्यंत ट्रॅक वाळून घट्ट झाला होता. यू-वळणाला पहिला गिअर घ्यायचा मोह टाळला, दुसऱ्यातच ठेवली, आरपीएम खाली गेला तरी ती ओढून निघाली. लांब डाव्या वळणात पूर्ण दाबून ठेवली आणि आवाज एकसारखा राहिला. तिसऱ्यातून दुसऱ्यात दांडा दर वेळी पहिल्या प्रयत्नात पडला. मार्कर एकही पाडला नाही. वेळ १:५१.

वर्गात पहिली आलेली झेन १:४० ला. आम्ही यादीच्या मध्याच्या थोडं खाली, पण दोन अल्टो आणि सगळ्या ८०० आमच्या मागे. मला या निकालाचा अतिशय आनंद आहे. १०८९ सीसी, एक कार्ब्युरेटर, ड्रम ब्रेक, सगळं कुर्ल्याचं.

२१ डिसेंबर

तपासणी. ड्रमना भेगा नाहीत, लायनिंग सगळीकडे सारखं झिजलंय. ऑइलमध्ये पितळेची चकाकी नाही. लिंकेजचा प्ले जूनमध्ये होता तेवढाच. डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट किंचित वाकलाय, दोन्ही बदलणार. उजव्या पुढच्या किंगपिनला ग्रीस घेत नाही, निप्पल माती जाऊन बंद झालंय.

पुढची ऑटोक्रॉस फेब्रुवारीत. इंजिनाला हात लावणार नाही. अकरा सेकंदांचं अंतर आहे, त्यातले निदान चार यू-वळणांत जातात असं भाचीच्या वेळा सांगतात, आणि ते चालवणाऱ्याचे आहेत. काका बोल्टचं माप घेऊन ठेवतायत. त्या मुलाने, ज्याने गिअर कुठाय विचारलं होतं, विचारलंय की रविवारी कुर्ल्याला येऊ का. ये म्हटलं, जुने कपडे घालून ये, आणि फ्लोट लेव्हल मोजायला स्टीलची पट्टी आण.